कुत्र्याच्या खात्यावर शेळी

प्राण्यांच्या त्या दवाखान्यातील प्रयोगशाळा म्हणजे एक्स-रेच्या खोलीमागची चिंचोळी जागा. तिथे एक ओटा आहे, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारे यंत्र आहे, लसींचा फ्रीज आहे आणि एक खिडकी आहे, जी उघडत नाही. येथे जनावरांचे रक्त तपासणाऱ्या बाईंना सगळे ‘यंत्रबाई’ म्हणतात. हे नाव कौतुकाने पडले, असे त्यांचे म्हणणे. इतर कोणी त्याला दुजोरा देत नाही.

नावाचे कारण मात्र निर्विवाद आहे. पूर्वी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत. मान धरायची, डोळे चुरचुरायचे. पेशी आपोआप मोजणारे यंत्र घ्या, अशी भुणभुण त्यांनी डॉक्टरांमागे लावली. यंत्र आले, आणि त्या त्याचा उल्लेख माहेरच्या माणसासारखा करू लागल्या. घरी नवरा म्हणाला, “भाजीत मीठ कमी आहे,” तर उत्तर यायचे, “जिभेचं काय सांगता? मोजून दाखवा.”

त्यांना पुरून उरणारी एकच व्यक्ती होती, थोरली नणंद. ती शेळ्या पाळायची. जनावराचे दुखणे कळायला वीज लागत नाही, असे तिचे मत.

एका सकाळी ही नणंद शेळी घेऊन दवाखान्यात आली. पोटात करडू आडवे अडकले होते. पोट उघडून ते काढायचे असे डॉक्टरांनी ठरवले आणि आधी रक्त तपासायला सांगितले. यंत्रातून चिठ्ठी निघाली. तिच्यानुसार शेळीच्या अंगात रक्त जवळजवळ नव्हतेच.

“एवढ्यावर भूल दिली तर ती उठायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “मोठ्या रुग्णालयात न्या, तिथे रक्त चढवतील.”

तो रस्ता अर्ध्या दिवसाचा होता. करडू तेवढे थांबणार नव्हते. शेळीचीही शाश्वती नव्हती.

“रक्त नाही म्हणतेस?” नणंद गुडघा चोळत म्हणाली. “मग मला आत्ता ढुशी कोणी मारली?”

“वन्सं, यंत्र खोटं बोलत नाही.”

“तुझ्या यंत्राला बाहेर बोलाव. एक ढुशी त्यालाही खाऊ दे.”

यंत्रबाईंनी शेळीची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग चांगला गुलाबी होता. त्या तडक आत गेल्या. यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यात कुत्र्याचे चित्र होते.

या यंत्राला आधी प्राणी सांगावा लागतो. न सांगितल्यास ते मागच्याच प्राण्यावर राहते. शेळीच्या तांबड्या पेशी फार बारीक असतात. कुत्र्याच्या मापाने पाहणाऱ्या यंत्राने त्या कचरा समजून सोडून दिल्या होत्या. दवाखान्यात दिवसभर कुत्रीच येत असल्यामुळे तो कोपरा पाहण्याची सवय कोणालाच उरली नव्हती. बाईंनी शेळी निवडून तोच नमुना पुन्हा घातला. रक्त पुरेसे होते.

पुढच्या क्षणाच्या दोन हकिगती मिळतात. बाईंच्या मते, बाहेर येताच त्या म्हणाल्या, “चूक माझी. भूल द्या.” नणंदेच्या मते, त्या आधी म्हणाल्या, “नमुना गोठला होता,” त्यावर तिने नुसते पाहिले, आणि मग चूक कबूल झाली. डॉक्टर तेव्हा हात धूत होते, नळ मोठा सोडलेला होता. त्यांची साक्ष निरुपयोगी आहे. नणंदेचे पाहणे मी स्वतः अनुभवले असल्याने माझा कल दुसऱ्या हकिगतीकडे आहे.

करडू जिवंत निघाले. शेळी भुलीतून उठली आणि डॉक्टरांना ढुशी देऊन मोकळी झाली.

“कुत्री समजलीस माझ्या शेळीला,” नणंद निघताना म्हणाली. “पण कबूल केलंस हो. आमच्या भावाला अजून जमलं नाही ते.”

आता नमुना घालण्यापूर्वी यंत्रबाई पडद्यावर बोट ठेवून मालकाला मोठ्याने विचारतात, “कुत्रा. बरोबर?” कुत्रा समोर बसलेला असला तरी विचारतात. एका गृहस्थांनी यावर खाली वाकून आपल्या कुत्र्याकडे नीट पाहिले आणि मगच होकार दिला.