झाकणावरचं नाव

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत पेशींना जेवू घालतायत. कॅन्सरच्या गाठीतली पेशी घ्यायची, तिच्यात काही जनुकं सोडायची आणि ती कोण होती हे तिला विसरायला लावून मूळपेशीसारखी कोरी करायची. मग ती पुन्हा बिघडते कशी, ते बघायचं. डोकं प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं. वन्संनी रोज पेशींच्या डब्यांमधलं जुनं गुलाबी पाणी, म्हणजे पेशींचं खाणं, काढून ताजं घालायचं. पेशींना रविवार नसतो, म्हणून वन्संनाही नाही. घरातल्या एकाही लग्नात त्या धड बसून जेवल्या नाहीत. आता कंबर पार गेलीय, आणि निवृत्तीला दोन महिने उरलेत.

नव्या पोरांना पहिल्याच दिवशी त्यांचा दम असतो, "नाव झाकणावर लिहायचं नाही, डबीच्या अंगावर लिहायचं. झाकणं इकडची तिकडे होतात."

मंगळवारी त्यांनी दोन डब्यांत पाणी बदललं, झाकणं लावली, आणि बघतात तर नावं झाकणांवरच. अक्षर त्यांचंच, चार दिवसांपूर्वी पेशी नव्या डब्यांत हलवतानाचं. चार दिवस ती झाकणं निघत होती, लागत होती. दोन्हींत एकाच रुग्णाच्या पेशी, फक्त एकीत नवं औषध. कुठल्या डबीत, ते आता तपासूनही सांगता येणार नव्हतं. रुग्ण केव्हाच वारला होता, नव्या पेशी मिळणार नव्हत्या, आणि एका पोरीच्या प्रबंधाचे पाच महिने त्या डब्यांत होते.

वन्सं तासभर स्टुलावर बसून राहिल्या. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता, हे मला त्यांनीच सांगितलं. मग उठून पोरीकडे गेल्या.

"माझ्याकडून घोळ झालाय गं. झाकणांवर नावं लिहिली मी."

पोरगी खाली बघत म्हणाली, "माहितीये, मावशी. परवाच बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचे दोनच महिने राहिलेत. म्हटलं, कशाला."

चुकीची लाज वाटलीच होती, पण त्या 'कशाला'नं वन्सं खचल्या. वन्संवरच्या मायेपोटी ही पोरगी खोटा निकाल छापायला निघाली होती. रागवावं तर कुठल्या तोंडानं? त्यांनी तिचा हात धरला.

"चल बाईंकडे. माझं मी सांगते. तुझं तू सांग."