जाळीवरचा झेंडू

माझ्या फोनवर रोज कुणाचे ना कुणाचे अलार्म येतात. नगरच्या बायपासला माझं छोटं वर्कशॉप आहे. थंड माल नेणाऱ्या ट्रेलरांची कूलिंग युनिटं मी दुरुस्त करतो. वाटेत कुठे युनिट बंद पडलं की ड्रायव्हर मला फोन लावतात. स्क्रीनवर कोड आलेला असतो, तेवढा सोडून बाकी सगळं सांगतात. "मिस्तरी, मशीन रुसलंय." "लाल लाईट लई डोळे वटारतीय." कोड काय आला म्हणून विचारावं, तर म्हणणार, "तो मी बटन दाबून घालवला की!" म्हणजे थर्मामीटर झटकून दवाखान्यात यायचं. माझा आवाज चढतो, मग तिकडचाही चढतो. शेवटी वैतागून मी एक चिठ्ठी छापून घेतली आणि प्रत्येक युनिटच्या दारावर चिकटवली: 'आधी कोड वाचा. मग समोरची जाळी बघा. मग मला फोन करा. बटण सगळ्यात शेवटी.' या चिठ्ठीचा मला फार गर्व होता.

त्या वर्षी दसऱ्याला सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. ट्रेलर राहुरी ओलांडून एका हॉटेलपाशी उभा होता. आत पुणतांब्याची डाळिंबं, बंदराकडे निघालेली. ड्रायव्हर जुना ओळखीचा. त्याने चक्क कोड वाचून दाखवला. मला भरून आलं. कोडचा अर्थ सरळ होता. युनिटमधला गॅस तापतो, त्याला गार करायला पंखा समोरच्या जाळीतून वारा ओढतो. वारा मिळाला नाही की प्रेशर चढतं आणि युनिट स्वतःहून बंद होतं.

"जाळीवर काही अडकलंय का?" मी विचारलं.

तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुमीच या मिस्तरी. मला बोलता येत न्हाई. मालकीन शेजारी हाय."

मी मोटरसायकलला किक मारली.

मालकीण म्हणजे साठीच्या एक मावशी. नेहमीच्या व्यापाऱ्याला बाजूला ठेवून त्यांनी चार शेजारणींना बरोबर घेतलं होतं आणि पहिल्यांदाच माल परदेशी धाडला होता. डब्यात तापमान नोंदणारं यंत्र होतं. आकडा एकदा जरी आठच्या वर गेला, तर घेणारी पार्टी माल नाकारणार होती. गावातले निम्मे लोक त्याचीच वाट बघत होते, असं मावशींचं म्हणणं. म्हणून त्या स्वतः केबिनमध्ये बसून बंदरापर्यंत निघाल्या होत्या. मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर सहा होते.

आणि मी समोरून युनिट पाहिलं. जाळी दिसतच नव्हती. झेंडूच्या माळा, एकीला एक लागून, वरपासून खालपर्यंत. मध्ये आंब्याची पानं, कडेला शेवंती. गणपतीच्या मखरालाही कुणी एवढी फुलं लावत नाही.

"कसा झालाय हार?" मावशींनी विचारलं. "काल सारा दिवस ओवला. शिडी लावून माझ्या हातानं बांधला. पैल्यांदा चाललाय माल, म्हनलं देवाचं लक्ष ऱ्हावं."

"छान झालाय," मी म्हणालो.

आता माझी अडचण सांगतो. मी ख्रिस्ती. आमच्या घराण्याला चर्चची पायरी चढून पाच पिढ्या झाल्या. दसऱ्याला शेजारी आम्हाला सोनं देतात, नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात, आणि एकमेकांच्या देवाला कुणी धक्का लावत नाही. आणि आता ऐन दसऱ्याला, भर हायवेवर, मी एका बाईला सांगायचं की तुमच्या देवाचा हार उतरवा?

मग मी दुरुस्ती सुरू केली. पंख्याचा पट्टा तपासला, ठणठणीत. "गॅस बघावा लागेल," असं गंभीरपणे म्हणालो, गेज लावले, गॅसही बरोबर. सेन्सरच्या वायरी हलवल्या. पाणी जायची नळी फुंकली, जिचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. दर वेळी युनिट सुरू करायचो. पाच मिनिटं चालायचं आणि परत अलार्म. सहा पूर्णांक सात. सात पूर्णांक एक.

ड्रायव्हरला मी मागच्या चाकाआड ओढलं. "अरे, तू सांग की. तुझं ऐकतील."

"न्हाई बा! माझ्या आयनं बांधला असता तर मी काढला असता व्हय? तुमी सांगा. तुमी शिकलेले."

"मी सांगितलं तर वेगळं दिसतं."

"आन् मी सांगितलं तर पाप लागतं."

आम्ही दोघं परत आलो. मी पुन्हा पट्टाच तपासायला घेतला. तापमान सात पूर्णांक चार.

मावशी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. करायला काही नव्हतं, म्हणून युनिटच्या दारावरची चिठ्ठी वाचू लागल्या, शाळेतल्यासारखी, एकेक शब्द तोडून. "आधी. कोड. वाचा. मग. समोरची. जाळी. बघा." माझ्याकडे वळल्या. "मिस्तरी, जाळी बघितली का?"

"बघितली."

"मग काय दिसलं?"

मी पाना खाली ठेवला. "झेंडू," मी म्हणालो.

मावशींनी हाराकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे.

"कवापास्नं म्हाईत हाय तुमाला?"

"आल्यापासून."

"आन् तुला?"

"राहुरीपास्नं," ड्रायव्हर चपलेकडे बघत म्हणाला.

"माझा माल नासायला लागलाय आन् तुमी दोगं माझं मन राखत बसले व्हय!" मावशी कडाडल्या. हॉटेलातले लोक चहाचे कप घेऊन बाहेर आले. "देवाला कुटं बी बसवता येतंय. त्यो काय वारा अडवायला बसलाय का तितं?" पदर खोचून त्या केबिनमागच्या पायरीवर चढल्या आणि कालचा दिवसभराचा हार दोन हिसक्यांत खाली आला.

जाळीच्या आतल्या पत्र्यांत पाकळ्या चिकटून बसल्या होत्या. हॉटेलवाल्याचा पाण्याचा पाइप आणि माझा ब्रश घेऊन आम्ही त्या धुऊन काढल्या. युनिट सुरू केलं. आकडा सात पूर्णांक आठवर जाऊन थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अलार्म आला नाही. मग सात पूर्णांक सात. मावशी मटकन पायरीवर बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली. माझ्या सभ्यपणापायी या बाईचं वर्ष बुडालं असतं, आणि वर मी म्हणालो असतो, नशीब त्यांचं. तसं त्यांना सांगूनही टाकलं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. हार त्यांनी बंपरला गुंडाळला आणि पिशवीतून आपट्याची दोन पानं काढून माझ्या काळ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या."

माल सुखरूप उतरला. पार्टीने दुसरी खेपही मागितली. हे मावशींनीच फोन करून सांगितलं आणि वर विचारलं, "पट्टा कसा हाय?"

पुढच्या दसऱ्याला सकाळीच त्यांचा फोटो आला. तोच ट्रेलर, नवा हार. जाळी या वेळी मोकळी होती. हार कंट्रोलच्या स्क्रीनवर बांधला होता, कोड आणि माझी चिठ्ठी दोन्ही झेंडूखाली गडप. खाली विचारलं होतं, 'हितं चालंल का?'

'छान झालाय' असं मी आधी लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'मावशी, काढा.'

लगेच उत्तर आलं. 'आता झालास खरा मिस्तरी.'