दहा मिनिटं

शरीराची रोगाशी लढणारी शक्ती माझ्याच सांध्यांवर उलटली, तेव्हा मी शाळेत शिकवत होते. नाशिकच्या एका दवाखान्यात या संधिवातावर नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. त्यात माझं नाव घातलं.

दर महिन्याला नोंदी घ्यायला एक सिस्टर असायच्या. शहरातल्याच अंबड भागातून सायकलने यायच्या. आधी तळहात घासून ऊब आणायच्या, मगच माझी बोटं हातात घ्यायच्या.

“मॅडम, सकाळी हात किती वेळ आखडतात?”

चौथ्या महिन्यात मी म्हणाले, “दहा मिनिटं.” खरं तर दोन तास आखडायचे. पण सांगितलं तर अभ्यासातून काढतील, ही भीती.

त्यांनी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. “आज वेणी कुणी घातली?”

“मुलीनं.”

“मग दहा मिनिटं कशी? उद्या तुमच्यासारख्या बायका याच आकड्यावर विसंबून औषध घेतील.”

मी खरं सांगितलं. त्यांनी आकडा खोडून खरा लिहिला आणि शेजारी सही केली.

हे औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टरांनी मला अभ्यासातून काढून दुसरं औषध दिलं. त्याने पुढे हळूहळू गुण आला. पण त्या दिवशी मी रागाने सिस्टरकडे पाठ फिरवून निघाले. त्या मात्र माझी पिशवी घेऊन रिक्षापर्यंत आल्या आणि मी नीट बसेपर्यंत थांबल्या.