बेल्टात गूळ

त्या आठवड्यात मी उजव्या अंगठ्याचं नख कापलं नाही. सिमेंट घट्ट झालं की नाही हे बघायला माझ्याकडं दुसरं हत्यार नव्हतं. सकाळी उठलं की तोंडावर पाणी मारायच्या आधी नव्या भिंतीपाशी जायचं, दक्षिणेच्या कोपऱ्यावरचं ओलं पोतं उचलायचं आणि नख टोचायचं. नख आत जायचं, गार झालेल्या शिऱ्यात जावं तसं. पोतं परत टाकायचं, कडेकडेनं दाबायचं आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागं वळायचं. मागं माझी नात उभी असायची. तीही तेच बघायला आलेली.

"गेलं?"

"कालच्यापेक्षा कमी गेलं."

"आजी, खोटं बोलू नको."

"बरं, तेवढंच गेलं."

मग आम्ही दोघी चहा करायला आत जायचो आणि चहा तसाच गार व्हायचा.

बिडकीनजवळच्या आमच्या रानात ही पोरगी घर बांधत होती. ती आर्किटेक्ट. शहरात एका बिल्डरकडं चांगली नोकरी होती, ती सोडून आली. शेततळं खोदलं तेव्हा वरची काळी माती तिनं रानात पसरून टाकली, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात तडकते. खालचा लाल मुरूम तेवढा घेतला, चाळला, त्यात थोडं सिमेंट अन् चुना कालवला आणि हातानं दाबायच्या यंत्रात विटा पाडल्या. भट्टी नाही, कोळसा नाही. ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवल्या तान्ह्या लेकरासारख्या. आतून गिलावासुद्धा चुन्याचाच करायचा होता. सिमेंटचं काम म्हणावं असं एकच: आधी खिडक्यांच्या खाली आणि मग वर, घराच्या चहूबाजूंनी फिरणारा पट्टा, आत सळया घातलेला. धरणीकंप झालाच तर भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून. मिस्त्री त्याला बेल्ट म्हणायचा, मी कंबरपट्टा.

माझ्या लेकाला, म्हणजे तिच्या बापाला, हे सगळं नापसंत. तो संभाजीनगरात नोकरीला, राहायला फ्लॅटात. म्हणाला, "माझ्या मायनं आम्हाला मातीतनं बाहेर काढलं, अन् तू परत मातीत घालतीस व्हय?" शेवटी एवढ्यावर मिटलं की बेल्ट झाला की तो येऊन बघणार. एका जरी ठिकाणी त्याच्या मनाला पटलं नाही, तर आहे तेवढं पाडायचं, आरसीसीचे कॉलम उभे करायचे आणि पोरीनं गुमान नोकरीवर परत जायचं. पोरीनं हो म्हटलं. तिच्या 'हो'चा आवाज मला आवडला नव्हता. फार बारीक होता.

लेक जे म्हणाला ते खोटं नव्हतं. मातीतनं बाहेर काढणारी बाई मीच. तेव्हाची नवी नवरी म्हणजे मीच, पण तिची बाजू मी घेणार नाही. घ्यावी अशी ती नव्हतीच.

लग्न होऊन आली तेव्हा इथं माळवदाचं घर होतं. हातभर रुंद भिंती, वर लाकडं, त्यावर पाला आणि त्यावर पांढरी माती. वैशाखात आत पाऊल टाकलं की माठात उतरल्यासारखं वाटायचं. पण या ठकूला त्याची लाज. तिनं कुठनं तरी एक शब्द उचलला होता, आरसीसी. अर्थ ठाऊक नव्हता. भाकरी थापताना आरसीसी, पाणी शेंदताना आरसीसी. सासू एकदा म्हणाली, "सूनबाई, उखाणा घेतीस का काय? नवऱ्याचं नाव तर येगळं हाय की!" शेवटी नवरा कंटाळला आणि माळवद उतरवून स्लॅबचं घर उभं राहिलं. मग बाईसाहेबांनी भर चैत्रात, भर दुपारी शेजारणींना चहाला बोलावलं. सगळ्यांच्या कपाळावरनं कुंकू ओघळत होतं आणि ही विचारते, "किती गार वाटतंय, नाय?" एक म्हातारी पदरानं वारा घेत म्हणाली, "व्हय बाई, तव्यावर बसल्यावानी गार."

तिचा दुसरा गुण म्हणजे चिमटीनं भागतं तिथं ओंजळ घालायची. सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराला नीळ घालायला सांगितली, तर तिनं अशी घातली की सासरे पुढचे कितीतरी दिवस पारावर नीळकंठ पक्ष्यासारखे बसले. ती नवरी म्हातारी झाली, गुण तेवढा तरुण राहिला.

त्याच स्लॅबच्या घरात आता आम्ही दोघी बांधकामापुरत्या मुक्कामाला होतो. वरून पोपडे पडायचे. सळया उघड्या पडलेल्या, उपाशी बैलाच्या बरगड्यांसारख्या. एक ढेकूळ माझ्या खाटेच्या उशाशी पडलं, तेव्हाच नवं घर बांधायचं ठरलं होतं.

बेल्ट भरायच्या दिवशी माल कालवायचं मशीन घरघरत होतं. अर्धं काम झालं आणि पाणी संपलं. टँकर वाट चुकून भलतीकडंच गेलेला. पोरगी फोन कानाला लावून सडकेकडं पळाली. इथं मिस्त्री माझ्यापाशी आला. शहरातला जुना माणूस, बोलणं दखनी.

"अम्मा, पानी खतम. माल सूख रा."

चुन्याच्या हौदाशेजारी एक निळा ड्रम होता. त्यात गिलाव्यासाठी गूळ, बेलफळाचा गर आणि हिरडा भिजत घातलेला. गूळ मीच पाचोडच्या बाजारातनं निवडून आणलेला, काळाकुट्ट. ड्रमाला आंबूस वास सुटला होता आणि वर गांधीलमाशा घोंगावत होत्या. आमच्या संभाजीनगरात कुणालाही विचारा, वेशीचे हे जुने दरवाजे कशावर उभे आहेत? तो सांगेल, गुळावर. शाळेतल्या लेकरापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हेच सांगतात. मलाही तेवढंच ठाऊक.

"त्या ड्रमातलं घ्या की," मी म्हटलं.

"मॅडम कू पूछूं?"

"तिला काय इचारायचं? तिची आजी हाय मी. एवढाले दरवाजे गुळावर उभे हायत, अन् हा कंबरपट्टा ऱ्हायचा नाय?"

मिस्त्री हसला. "ये बात बी सही है." एक बादली गेली. मी म्हटलं, अजून एक घाल, हात आखडू नको. दक्षिणेचा कोपरा त्या मालानं भरला. तोवर टँकर आला आणि उरलेलं काम साध्या पाण्यानं झालं.

संध्याकाळी जेवताना मी आपली मोठ्या तोऱ्यात सांगितली माझी हुशारी. पोरीचा घास हातातच राहिला.

"किती घातलं?"

"दोन बादल्या. कंजूषपणा कशाला करायचा?"

तिनं तो परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "आजी, चुन्याला गूळ चालतो. सिमेंटला गूळ लागला की ते धरत नाही."

"धरत नाय म्हंजी?"

"म्हणजे घट्ट होत नाही. कधी उशिरा होतं, कधी होतच नाही."

तिनं कॉलेजातल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, गूळ कमी असेल तर उशिरानं का होईना धरेल, पाणी मारत राहा, वाट बघा. खरवडून टाकायचं तरी कुणी? मजूर एका लग्नाला गावी गेले, ते रविवारीच येणार. आणि रविवारीच तिचा बाप येणार.

असा तो आठवडा. आम्ही दोघी बेल्टावरच्या पोत्यांवर पाणी मारायचो आणि ते पाणी मातीच्या भिंतीवरून खाली झिरपायचं. मला दुहेरी घोर. वरचं धरेना आणि खालचं विरघळलं तर? भिंतीच्या पायथ्याशी साचलेल्या पाण्यात मी वाकून बघायची, लाल झालंय का. पाणी नितळ असायचं. पण नितळ पाणी बघून धीर येण्याइतकं डोकं ठिकाणावर कुणाचं होतं? मला वाटायचं, आज नितळ आहे, उद्या लाल होईल. चहात साखर घालायला हात धजेना. गोड या वस्तूचीच धास्ती बसली होती. पोरगी बोलायची कमी, भिंतीभोवती फिरायची जास्त. एकदा मी म्हटलं, "आगं, रागाव तरी माझ्यावर." ती म्हणाली, "रागवायला पण मन जाग्यावर लागतं, आजी."

शनिवारी मिस्त्री एकटाच येऊन गेला. त्यानं कोपऱ्यात माल धरून ठेवणारी एक फळी सैल केली आणि आतून मालाचा लगदा धप्पकन खाली आला. त्यानं तो बोटावर घेतला, माझ्याकडं बघितलं.

"अम्मा, ये तो शिरा हो गया. बस काजू डालने के बाकी है."

मला हसू आलं, आणि त्याच श्वासात पोरगी जुन्या घराच्या मागं जाताना दिसली. मी गेले तर ती भिंतीला पाठ लावून बसलेली, ओठ आवळून, लहानपणी लपाछपीत सापडल्यावर बसायची तशी. मीही तिच्याशेजारी बसले. त्या स्लॅबच्या घराच्या भिंतीनं आमच्या दोघींची पाठ भाजत होती.

रात्रभर मी बेत रचला. फळी परत ठोकायची, पोती तशीच ठेवायची, लेकाला उत्तरेच्या बाजूनं हिंडवायचं आणि चटकन जेवायला बसवायचं. पुरणाची पोळी आवडते त्याला. पण गुळाच्या डब्याला हात लावायचं काही धाडस झालं नाही, म्हणून भरीत-भाकरी केली.

लेक आला तो गाडीची किल्ली हातात घेऊनच. मातीची भिंत दिसली की किल्लीनं ओरखडून बघायची सवय त्याला लागली होती. मी म्हटलं, "ये बाबा, हिकडून बघ, हिकडं सावली हाय." तो उत्तरेकडं वळलाही. तेवढ्यात पोरगी सरळ दक्षिणेच्या कोपऱ्याशी गेली आणि तिनं पोतं उचललं.

"बाबा, आधी इथं बघा. बोट लावा."

लेकानं बोट लावलं. बोट आत गेलं. त्यानं बोटाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"हे काय?"

"गूळ पडला मालात."

"कुणी घातला?"

मजूर, मिस्त्री, पोरगी, सगळ्यांचे डोळे माझ्याकडं.

"माझ्याकडं काय बघता?" मी म्हटलं. "त्या दरवाज्यांना इचारा."

"माय!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. मग पोरीकडं वळला. "म्हणून सांगत होतो. मातीच्या नादी लागलं की असंच—"

"बाबा, माती खाली आहे. फसलंय ते वरचं सिमेंट."

तो भिंतीकडं वळला. खाली उकिडवा बसला. त्या कोपऱ्याखालची भिंत आठवडाभर पाणी पीत होती. त्यानं किल्ली ओढली. पेन्सिलीची उठावी तेवढी रेघ उठली. त्यानं जोर लावून परत ओढली. मी पदराचं टोक चावत उभी.

"आतून भिजली असंल," तो म्हणाला.

"मग फोडा एक वीट," पोरगी म्हणाली. आवाज तोच, बारीक.

त्यानं मिस्त्रीकडून हातोडा घेतला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला कोपरा उडाला आणि माझा हात आपोआप पोरीच्या दंडावर गेला. अजून थोडे घाव घातल्यावर वीट फुटली. ओल बाहेरून बोटभर आत गेलेली, गाभा कोरडा ठणठणीत. लेकानं तो तुकडा हातात फिरवला, बोटानं चोळला, हुंगलासुद्धा. चांगलं म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही. उठून मिस्त्रीला म्हणाला, "हा कोपरा सगळा खरवडा, सळया घासून घ्या आणि परत भरा. भिंत ऱ्हाऊ द्या."

पोरीनं मान हलवली आणि लगबगीनं पोती गोळा करायला लागली.

"आणि भरायच्या दिवशी," लेक म्हणाला, "माय इथं दिसता कामा नये."

जाताना फुटक्या विटेचा अर्धा तुकडा तो गाडीत टाकून घेऊन गेला. दोन दिवसांनी सुनेचा फोन. "आत्या, ह्यांनी बाल्कनीत बादलीभर पाण्यात ईट बुडवून ठेवलीय. उठून उठून बघतात. अंघोळीला बादली नाय घरात."

"लाल झालं का पाणी?" मी विचारलं.

"कशाचं लाल? मला बादली पायजे."

कोपरा भरला त्या दिवशी मला मिस्त्रीच्या गाडीत बसवून दार लावून घेतलं होतं. निळ्या ड्रमावर झाकण आणि झाकणावर दगड. काचेतून मला नुसते हलणारे हात दिसत होते. टँकर वेळेवर आला. तरी मी काच खाली करून ओरडलेच, "पाणी पुरंल का रं?"

दुसऱ्या दिवशी तोंड न धुताच गेले. पोतं उचललं. पोरगी मागं होतीच. मी नख टोचलं. गेलं नाही. जोर लावला तसं नखच मोडलं, मुळापासून कळ आली.

"गेलं?" तिनं विचारलं.

मी तिला अंगठा दाखवला. ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिनं पोतं माझ्या हातातनं घेऊन परत नीट घातलं आणि पाणी मारलं. ते भिंतीवरून झिरपत खाली आलं. मी वाकून बघितलं. नितळ होतं.

खिडक्यांच्या वरचा बेल्ट अजून व्हायचा होता, मग छत. डाव्या अंगठ्याचं नख मी वाढू दिलं.