आक्कांचा बिननावाचा काढा

धसईत कुठल्या सुनेला दिवस गेलेत, हे तिच्या नवऱ्याच्या आधी आक्कांना कळायचं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊ. बातमी लागली की दुसऱ्या सकाळी वाटीवर ताटली झाकून दारात हजर. आत काळाकुट्ट, कडूजहर काढा.

"आक्का, यात काय आहे?" मी एकदा विचारलं.

"नाव सांगितला का गुण जातो. रानाचा पाला हाय गो! गाय पालाच खाते, तिला वासरू होतं का नाय?"

गाय निदान हुंगून बघते, नको तो पाला सोडून देते. मला तेवढी मुभा नव्हती. वडीलधाऱ्या बाईची वाटी परत पाठवणारी सून आमच्यात अजून जन्माला यायची होती.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हाही वाटी रोज येत होती; दोष मात्र माझ्या अंगातल्या उष्णतेला लागला. दुसऱ्या खेपेला काढा प्यायले की ओटीपोटात कळ यायची, आणि मी भेदरले. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काढ्यात काय असतं?" मी काय सांगणार? गुण गेला असता ना! "ज्याचं नाव माहीत नाही ते गरोदरपणी पिऊ नका," त्या म्हणाल्या.

आक्कांना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "डाक्तरीण परवा आली. आमी काय तिला इचारून जल्मलो?"

त्याच सुमारास त्यांची लेक सुमनताई माहेरी आली, तीही गरोदर. तिला दूध, तूपभात, लोणी. वाटी मात्र माझ्याच दारात. मी मनाशी हिशेब जुळवला आणि एका सकाळी ती वाटी घेऊन आक्कांच्या ओटीवर गेले. सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या मागोमाग आल्या.

"सुमनताई, निम्मा तुम्ही घ्या. आक्कांच्या हातचा आहे."

तिने हात पुढे केला, तशा आक्का ओरडल्या, "तिला नको देऊ गो! त्यात काय काय घातलंय ते मला ठावं हाय!"

थोरल्या जावेपुढे जन्मात मान वर न केलेल्या माझ्या सासूबाईंनी माझ्या हातून वाटी घेतली आणि अंगणात उपडी केली. मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

माझी मुलगी धडधाकट जन्मली. बारशाला आक्का सगळ्यांच्या पुढे, बाळ मांडीवर घेऊन. "माझ्या काढ्याची पोर ही," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, आणि मरेपर्यंत सांगत राहिल्या. काढ्यातल्या पाल्याची नावं त्यांच्याबरोबरच गेली, गुण शाबूत ठेवून. माझं पहिलं मूल कुणाच्या काढ्याचं, हे मात्र त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.