राणीचा सपाट गाल

जळगावात जन्माला आलेल्या माणसाला सोन्याचांदीची पारख पोटातूनच येते, असा आमच्या गावाचा ठाम समज आहे. त्यामुळे माझं पहिलंवहिलं इंग्लिश नाणं मी ओळखीच्या एका सराफाला मोठ्या हौसेनं दाखवायला नेलं. त्यानं ते उलटंसुलटं केलं, नखानं वाजवलं, आणि फार आपुलकीनं विचारलं, "सर, कडा काढून गोल करून देऊ का?"

चूक त्याची नव्हती. ते नाणं गोल नव्हतंच. यंत्रं येण्याआधी इंग्लंडात नाणी हातोड्यानं पाडत. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला, त्यावर चांदीची पातळ चकती, चकतीवर दुसरा ठसा धरायचा आणि वरून घाव घालायचा. घाव सरळ बसला तर राजाचं तोंड सरळ. तिरका बसला तर अर्धा राजा नाण्यावर आणि अर्धा हवेत. त्यातून तिथले सज्जन लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी खिशात घालत आणि उरलेलं नाणं साळसूदपणे पुन्हा बाजारात चालवत. आपल्याला पुढे शिस्त शिकवायला आले ते हेच, हे आठवलं की प्रत्येक वाकडं नाणं पाहून मला आतून बरं वाटतं.

अशी बावीस-तेवीस नाणी माझ्याकडे आहेत. आमच्या घरात त्यांना 'तुमचे ते तुकडे' म्हणतात. बायकोचं म्हणणं, छंद ठेवावा, पण पाहुण्यांसमोर काढू नये. लोकांना वाटतं पेन्शन वेळेवर येत नाही.

हा छंद नुसता नाणी गोळा करण्याचा नाही. खरी मजा दर्जा ठरवण्यात आहे. नाणं किती झिजलं, किती शिल्लक आहे, हे भिंगातून पाहून त्याला एक शब्द लावायचा. ते शब्द इंग्रजी आहेत आणि सगळे खोटे आहेत. 'फाइन' म्हणजे उत्तम असं मी बत्तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं. नाण्यांच्या दुनियेत 'फाइन' म्हणजे चांगलंच झिजलेलं. 'गुड' म्हणजे तर गेल्यात जमा. स्थळ सांगताना 'मुलगा साधा आहे' म्हणतात ना, तसलं 'गुड'. नाक, डोळे, अक्षरं दिसायला हवी असतील तर 'व्हेरी फाइन'च्या पुढं जावं लागतं, आणि तिथं आमची पेन्शन जात नाही.

या कामात माझं नाव झालं. नाव म्हणजे काय, खानदेशात हातोडी नाणी जमवणारे आम्ही जेमतेम सहा-सात वेडे. त्यात भिंग धरून इंग्रजीत बोलणारा मी एकटा. वासरांत लंगडी गाय शहाणी. चाळीसगावपासून मुक्ताईनगरपर्यंत कुणाला काही सापडलं की फोटो मला येई. मी एक दिवस मुद्दाम उत्तर देत नसे. लगेच उत्तर दिलं तर विद्वत्ता स्वस्त होते. पुढे पुढे मी भाजीवाल्याच्या वांग्यांना आणि लग्नातल्या जेवणालाही दर्जा देऊ लागलो. व्याह्यांच्या घरची बासुंदी मी मोठ्यानं 'फाइन, पण व्हेरी नाही' म्हणालो, तेव्हापासून मला तिकडं एकट्याला पाठवत नाहीत.

त्या सहा-सात वेड्यांतले धुळ्याचे आबा. बसगाड्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं ओळख झाली. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण हातोड्याचं काम कळत होतं. कुठलंही नाणं हातात घेऊन ते सांगत, या घावाला मनगट कच्चं होतं, हा माणूस दुपारी जेवून कामावर आला असावा. मला ते ऐकायला आवडे. मी त्यांना राजे सांगायचो, ते मला कारागीर सांगायचे. मी आबांपेक्षा आठ वर्षांनी लहान, तरी ते मला सर म्हणत आणि उठून उभे राहत.

चार वर्षांपूर्वी मी धुळ्याला गेलो असताना आबांनी औषधाच्या रिकाम्या डबीतून, कापसात गुंडाळलेलं एक नाणं काढलं.

"सर, दखा बरं, हाई काय शे?"

सराफाच्या दुकानात मोडीच्या चांदीत पडलं होतं. वितळायला निघालं होतं. "तुमनी वहिनीनं तुटेल पैंजन दिन्हं आनि हाई लिन्हं," आबा म्हणाले. आतून वहिनींनी भांडं आपटल्याचा आवाज आला, त्यावरून सौदा ताजा असावा.

मी भिंग लावलं आणि माझे कान गरम झाले. सहा पेन्सांचं नाणं. इंग्लंडच्या जुन्या राणीचं. मुकुट, गळ्याभोवती चुण्यांची झालर, डोक्यामागं गुलाब, आणि त्या गुलाबाच्या पाकळ्या मोजता येत होत्या. कडा कुठंही कातरलेल्या नाहीत. मागच्या ढालीवर सालाचे आकडे अख्खे. असं नाणं मी फक्त कॅटलॉगच्या चित्रात पाहिलं होतं.

एकच गोष्ट. राणीचा गाल सपाट होता.

आता इथंच सगळी पारख असते. गाल सपाट दिसला की नवखा म्हणतो, झिजलं. पण झीज आधी सगळ्या उंचवट्यांवर येते. इथं कपाळ शाबूत, झालर शाबूत, केसांच्या बटा शाबूत, आणि फक्त गाल गेलेला. मी नाणं उलटलं. बरोबर त्या गालाच्या मागच्या जागी ढालही तेवढीच सपाट. म्हणजे हातोड्याचा घावच तिथं पूर्ण बसला नव्हता. राणीला गाल मिळालाच नव्हता, मग झिजणार कुठून? हे नाणं फारसं वापरात आलंच नव्हतं. पाडलं त्या दिवशी होतं जवळपास तसंच आबांच्या औषधाच्या डबीत येऊन बसलं होतं.

"चांगलं शे का?" आबांनी विचारलं.

मी मूळचा फैजपूरकडचा. केळीच्या बागेत वाढलो. तिकडं एक गोष्ट लहानपणीच कळते. व्यापाऱ्याला माल आवडला की तो तोंड वाकडं करतो. घड पाहून त्याचे डोळे चमकतात आणि तोंड म्हणतं, थंडीचा चरका लागलाय, दांडा बारीक आहे, वरची फणी हलकी आहे. ज्या दिवशी व्यापारी मालाची तारीफ करील त्या दिवशी समजावं की त्याला तो घ्यायचा नाही. माझे वडील या व्यापाऱ्यांना जन्मभर शिव्या देत राहिले, आणि मी शाळा शिकून सवरून साहेबाची भाषा शिकवायला गेलो ते या धंद्यातून सुटका म्हणूनच.

"झिजलंय, आबा," मी तोंड वाकडं करून म्हणालो. "गाल पाहा. गेला. फाइनसुद्धा म्हणता यायचं नाही."

आबांनी गालाकडं पाहिलं. मला वाटतं त्यांना काहीतरी बोलायचं होतं. हातोडा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. पण भिंग माझ्या हातात होतं आणि इंग्रजी माझ्या तोंडात.

"तुम्ही सांगं म्हंजे सांगं," ते म्हणाले.

मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, की तुम्हाला अडचण होत असेल तर माझ्याकडे देऊन ठेवा. आबा म्हणाले, राहू द्या, पैंजण दिलंय त्याच्यापायी. घाई करायची नाही, असं मी ठरवलं. माल झाडावर आहे तोवर व्यापारी दर पंधरा दिवसांनी चक्कर मारून नावं ठेवून जातो, म्हणजे शेतकऱ्याच्याच मनातून माल उतरतो. मीही तेच केलं. दर दोन-तीन महिन्यांनी मी धुळ्याला जायचो, वहिनींच्या हातचा चहा घ्यायचो, आणि राणीचा दर्जा एकेक पायरी उतरवायचो. कधी झालर पुसट वाटायची, कधी चांदीचा रंग. घरी येऊन मात्र मी कॅटलॉगमधलं ते पान उघडून बसायचो. माझ्या डबीत तिच्यासाठी एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. मला ते नाणं हवं होतं. इतकं की रात्रीच्या जेवणात मीठ नसलेलं कळायचं नाही.

"त्या आबांचं काय घ्यायचंय तुम्हाला?" बायकोनं एकदा विचारलं.

"काही नाही."

"मग इतक्या वेळा जाता कशाला? नात्यातल्या माणसाकडेही इतकं जात नाही तुम्ही."

गेल्या हिवाळ्यात आबांनी नातीच्या जावळाचं आमंत्रण दिलं. मी ठरवलं, बस, आज. मी माझी तीन नाणी निवडली, दिसायला बरी आणि आतून सामान्य, आणि अदलाबदलीचं बोलणं बसमध्ये मनात घोळवून पाठ केलं. 'आबा, तुमच्या त्या झिजलेल्याच्या बदल्यात ही तीन घ्या. तुमचा फायदा आहे.' शेवटच्या वाक्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आबांच्या दारात मांडव होता. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा वास गल्लीभर. भावकी बसलेली. आबांनी मला पाहिलं आणि हाताला धरून थेट आत नेलं. नात आजीच्या मांडीवर, डोकं तुळतुळीत, रडून रडून लाल. गळ्यात काळा दोरा. दोऱ्यात चांदीचं नाणं.

राणीच्या मुकुटातून आरपार भोक होतं.

मला खाली बसावं लागलं. कुणीतरी पाणी आणलं. लोकांना वाटलं, बसचा प्रवास बाधला.

"भोक मी सोता पाडं," आबा आनंदानं सांगत होते. "घरनी ड्रिल मशीन शे. दखा, एक सूतबी इकडं तिकडं नही."

खरंच नव्हतं. इतकं नेटकं भोक मी पाहिलेलं नाही. कडाही घासून गुळगुळीत केल्या होत्या, पोरीला बोचू नये म्हणून. आमच्याकडं तान्ह्या पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदी घालतात, दृष्ट लागू नये म्हणून. कुणी चांद घालतं, कुणी जुना रुपया. आबांच्या घरात असलेली सगळ्यात बिनकामाची चांदी कुठली, हे मीच त्यांना तीन वर्षं शिकवत होतो.

मग आबांनी भावकीपुढं माझी ओळख करून दिली. हे जळगावचे सर. मुंबईहून कुणीतरी फोटो पाहून नाणं मागत होता, आबा म्हणतील ती किंमत द्यायला तयार होता. "मी म्हनं, दादा, आमना सरनी भिंग लाईसन दखेल शे. घसायेल शे ते. तुले फसाडस नही मी." आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुसरा कोनी ऱ्हाता तर गोड बोलीसन माले फसाडता. ह्या मानूसनी पहिला दिनले खरं सांगं."

म्हातारी माणसं माझ्याकडं पाहून माना डोलवत होती. मला शरम वाटली. तशी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती नाण्यासाठी नव्हती. एका माणसानं माझ्या शब्दाखातर मुंबईचं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं, आणि मी खिशात तीन सामान्य नाणी घेऊन त्याचा फायदा करायला आलो होतो.

जेवणं झाल्यावर मी आबांना मांडवाबाहेर घेतलं.

"आबा, ते झिजलेलं नव्हतं. तो गाल घावातच राहून गेला होता. फार चांगलं नाणं होतं ते."

मांडवातून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. आबांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहत विचारलं, "म्हंजे तव्हय तुमले समजनं नही?"

हो म्हणायचं की नाही, एवढंच होतं. समजलं होतं म्हणालो असतो तर सगळं सांगून झालं असतं.

"नाही समजलं," मी म्हणालो.

आबांनी सुस्कारा सोडला, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनीच मला समजावलं. मानूस शे, चुकस. वय होतं, डोळे जातात. त्यांनी मला कुणा डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ताही दिला, आणि वहिनींकडून बट्ट्यांचा डबा भरून घेऊन बसपर्यंत पोचवायला आले. ती तीन नाणी मी खिशातून काढलीच नाहीत.

त्याला आता वर्ष होत आलं. खानदेशातून मला फोटो येणं बंद झालंय. चाळीसगावच्या एकानं कारण सांगितलं. आबा जो भेटेल त्याला फार काळजीनं सांगतात, "सरनी नजर आते पहिलासारखी नही ऱ्हायनी, पन मानूस सोनं शे." यातलं एकही खरं नाही, आणि ते धुळ्याला जाऊन आबांना सांगणं मला अजून जमलेलं नाही.