सोबतीला दिलेली परीक्षा

माझ्या सुनेचं मी तोंडावर कौतुक करत नाही. केलंच तर ऐकायला तिला वेळ कुठे आहे? सकाळी शिलाई मशीनवर बसली की पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याच्या खोळी, दुपारच्या चहापर्यंत खडखड चालूच. तिची एक सवय मात्र मला पहिल्यापासून खटकते. नव्या मापाचं काही शिवायचं असलं की आधी जुन्या चादरीवर कापून, टाके घालून बघणार आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावणार. मी म्हणायची, "दुप्पट काम करायची हौसच तुला." ती हसायची आणि चादर अंथरायची.

नातीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा आली तेव्हाही बाईसाहेबांनी हाच बेत केला. परीक्षा वर्षातून तीनदा होते, आणि तिन्हींत जास्त असतील ते गुण धरतात. "पहिली जुन्या चादरीवर," सून म्हणाली. "दुसरी खरी. तिसरी, लागलीच तर." मलाही ते पटलं. पण पोर काही चादर नव्हे. पहिल्या परीक्षेला गेटपाशी आईचा हात सुटला आणि ही पार घाबरून गेली. अर्धा पेपर कोरा देऊन आली आणि रडून रडून डोळे सुजवले. येतं सगळं, बरं का! आई मशीनवर आणि ही शेजारी पुस्तक घेऊन, दोघींची रोजची प्रश्नोत्तरं ऐकून मलाही निम्मं पाठ झालं होतं.

"पालकांना आत सोडत नाहीत ना," सून म्हणाली, "मग मी पालक म्हणून जातच नाही."

आणि तिने स्वतःचाही अर्ज भरला. लेकीच्या पाठोपाठ भरला, म्हणजे बाकंही पाठोपाठ येतील. बारावी तिची झालेलीच होती, आणि वयाची अट नव्हतीच. माझा मुलगा जेवताना ठसकला. "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक येतात का तुला वाढायला? जेव गुपचूप." खरं सांगते, मलाही तो वेडेपणाच वाटत होता, पण मुलाला झापायची संधी मी सोडत नाही.

दुसऱ्या परीक्षेला दोघी मायलेकी हातात हात घालून आत गेल्या. नातीने पेपर बऱ्यापैकी सोडवला. मागच्या बाकावर एवढा वेळ नुसतं बसून काय करायचं, म्हणून सुनेनेही सोडवला.

निकाल लागला. नात थोडक्यात हुकली आणि सून पास झाली. तीही अशी, की त्याच कॉलेजात जागा मिळाली. आता आली का पंचाईत! एकदा प्रवेश घेतला की पुन्हा परीक्षेला बसता येत नाही. हो की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

सून उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच. "मी आपली आत जाण्यापुरती गेले होते," म्हणाली. "सोडून देते जागा. तिसऱ्या वेळी हिच्याजवळ कुणी नको का?" एवढं बोलली, पण आमच्याकडे काही बघेना. तिला ती जागा हवी होती, मनापासून हवी होती.

"माझा अर्ज भरा," मी म्हटलं. "मी बसते नातीच्या मागे."

"आजी, तू पेपरभर मला चष्मा शोधायला लावशील," नात म्हणाली, आणि मुलगासुद्धा हसला. मग ती आईजवळ गेली आणि तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "आई, एक सांगू? त्या दिवशी तू मागे भराभरा लिहीत होतीस. मी माझं लिहायचं सोडून तुझ्या पेनाचा आवाज ऐकत बसले होते. एवढी खुशीत मी तुला कधी बघितलीच नाही. तू जा. माझं मी बघते."

सून तशीच ओल्या हातांनी तिच्या गळ्यात पडली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. सगळ्यांनीच रडायला लागलं तर घर कसं चालायचं?

तिसरी परीक्षा, उरलेल्या जागांसाठीची, त्या कॉलेजच्याच मागच्या इमारतीत होती. सुनेचे वर्ग तोवर सुरू झाले होते, म्हणून सोबतीला मी गेले. गेटपाशी नातीचा चेहरा पांढराफटक. "जाऊ?" तिने विचारलं. "जा की." गेली. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून वॉचमनचं डोकं खाल्लं.

पेपर सुटल्यावर ती धावतच आली. "सगळा लिहिला, आजी. एकही प्रश्न सोडला नाही. चल, आईला सांगू."

सुनेचा वर्ग शोधून काढला आणि दाराच्या काचेतून डोकावलो. पहिल्याच बाकावर बाईसाहेब, हात वर, आणि सरांशी कसलातरी वाद घालताहेत. सर हसताहेत आणि तिला पुढे बोलायला सांगताहेत. मी दार वाजवायला हात उचलला, तर नातीने माझं मनगट धरलं.

"नको," ती हळूच म्हणाली. "तिचं होऊ दे. आपण थांबू बाहेर."